गम जरा कमीच लावा, मास्तर

मी एक मिशी बोलतेय. नाकाखाली आपोआप उगवणारी नव्हे, चिकटवायची. पण उगवणाऱ्या पुष्कळ मिशांपेक्षा माझा रुबाब जास्त होता, हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे सांगायचंय त्यात रुबाबाचं नाव निघणार नाही, म्हणून आत्ताच.

माझे मालक गुरुशांतप्पा हडपद. नाटक कंपनीत नट, आणि कंपनीला सुट्टी असली की गावोगावच्या हौशी मंडळींना नाटक शिकवणारे मास्तर. त्यांना सगळे गुरुशांत मास्तरच म्हणतात. बायकोसुद्धा म्हणते, आणि भांडताना जास्तच म्हणते.

मला घडवलं ते मास्तरांच्या वडिलांनी, ईरप्पांनी. गदगजवळच्या एका खेड्यात ते न्हाव्याचं काम करत. देवळासमोरच्या कडुलिंबाखाली त्यांचं दुकान, म्हणजे एक पेटी, एक आरसा आणि बसायला एक दगड. गावातली प्रत्येक मिशी त्यांच्या हाताखालून जायची. गौडांची, म्हणजे गावच्या पाटलांची, मिशी वर वळवायची, शेतकऱ्यांची सरळ ठेवायची आणि स्वतःची खाली पाडून ठेवायची, असा त्या काळचा रिवाज. समोरून गौड आले की ईरप्पा चटकन बोटांनी आपली मिशी आणखी खाली ओढायचे. असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडून बघायची छातीही कुणाला नव्हती.

अशा माणसाचा मुलगा एक दिवस नाटक कंपनीत पळाला. ईरप्पांनी त्याचं नाव टाकलं. पुढं कुणीतरी बातमी आणली, की तुमच्या गुरुशांताला कंपनीनं गौडाची भूमिका दिलीय. दुसऱ्या दिवसापासून केस कापताना म्हातारा काळे, दाट, ताठ केस निवडून बाजूला ठेवायला लागला. तालमीतल्या पैलवानाचे घेतले, तांड्यावरच्या एका लमाणाचे घेतले, आणि खुद्द गौडांच्या डोक्यावरचेही घेतले. गौडांचे केस आपण चोरले, या विचारानं तो दगडावर एकटाच बसून हसायचा.

मग बारीक जाळीवर एकेक केस गाठ मारून त्यानं मला विणलं. डोळे अधू झाले होते, तरी कुठं विरळ राहू दिलं नाही. कंपनीचा मुक्काम जवळ आला तेव्हा तंबूत येऊन त्यानं मला मुलाच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "आपल्या घरात सगळ्यांनी खाली धरली. तू स्टेजवर तरी वर धर."

माझा जन्म हा असा. एखाद्या घरंदाज मिशीलासुद्धा इतक्या मानानं कुणी जगात आणलं नसेल.

मास्तरांनी ते सांगणं पाळलं. गौडाच्या भूमिकेत ते मागच्या बाजूनं सावकाश यायचे. आधी उजवीकडं पीळ, मग डावीकडं, आणि मग प्रेक्षकांकडं एक नजर. बोलायच्या आधीच पुढच्या रांगेतल्या बायका बोटं मोडायला लागायच्या. "मुडदा बशिवला तुझा, गरिबाची जमीन खातोस!" पुढं पंचायतीचा प्रसंग. गौड चावडीवर उभा राहून म्हणायचा, "या मिशीचा एक केस वाकला, तर या गावावर पाऊस पडायचा नाही!" तेव्हा तर लोक श्वास घ्यायचे नाहीत. एका बाईनं एकदा चप्पल फेकून मारली. मास्तरांनी ती आहेर म्हणून ट्रंकेत जपून ठेवली, आणि तिची जोडी मिळावी म्हणून पुष्कळ दिवस वाट पाहिली.

लोकांनी नटाला शिव्या घालणं म्हणजे काय, हे मला त्या वेळी कळलं. ती शिवी मास्तरांना लागायची नाही. माझ्यावर यायची आणि मी ती मिरवायचे.

कंपनीचा एक मुक्काम उठून दुसरा पडेपर्यंत मास्तर शिकवायला जात. देवळाच्या ओसरीवर नाही तर शाळेत तालीम. बाजाची पेटी घेऊन मास्तर मधोमध बसायचे आणि गवंडी, वाणी, ट्रॅक्टरवाले, तलाठी अशी सगळी मंडळी त्यांच्यापुढं शाळकरी पोरांसारखी उभी राहायची. शेतात बैलाला खेकसणारा माणूस इथं एक वाक्य म्हणताना घामाघूम व्हायचा. मास्तरांचा धडा ठरलेला. मिशीला गम लावला, की तो वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, चहा प्यायचा नाही. "मिशी सुटली की गौड सुटला. मग उरतो तो रस्त्यावरचा माणूस, आणि त्याला बघायला कुणी येत नाही," असं ते म्हणत.

नाटकाच्या दिवशी ते स्वतःच्या हातानं मला मुख्य शिष्याच्या ओठावर चिकटवायचे. त्यामुळं मी पुष्कळ ओठ पाहिले. तंबाखूचे, लसणीच्या चटणीचे, भीतीनं कोरडे पडलेले. मला लावलं की प्रत्येक जण एकदा आरशात बघायचा, आणि बघता बघता त्याची पाठ सरळ व्हायची. यात अपवाद झाला नाही.

या शिष्यांतच हिरेमुद्दूरचा दुंडप्पा. पिठाच्या गिरणीचा मालक. देह हत्तीचा, भुवयांवर कायम पीठ, आणि गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यानं साधं "पाणी द्या" म्हटलं तरी भांडण वाटावं असा आवाज. मास्तरांनी त्याला गौड करायचं ठरवलं. सगळं होतं, फक्त वाक्य पाठ होत नव्हतं.

"दुंडप्पा, गिरणीत टाकलेलं धान्य निदान पीठ होऊन बाहेर पडतं," मास्तर एकदा वैतागून म्हणाले. "तुझ्या डोक्यात टाकलेलं वाक्य जातं कुठं?"

"पट्टा घसरतो, मास्तर," दुंडप्पा म्हणाला, आणि सगळी ओसरी हसली.

पण शेवटच्या प्रसंगात गौडाचा मुलगा मरतो, तिथं दुंडप्पा रडायचा तो खरा. तालमीतसुद्धा. नाक गळायचं, मी भिजायचे. मास्तर सांगून थकले, की अरे, रडायचं नसतं, रडतोय असं दाखवायचं असतं. त्याला ते काही साधलं नाही. कंपनीत परत आल्यावर मास्तर कौतुकानं सांगायचे, "त्याला अभिनय येत नाही. त्या माणसाला खोटंच येत नाही." दर वर्षी बोलावणं यायचं, दर वर्षी मास्तर जायचे, आणि दुंडप्पा दर वर्षी नव्यानं वाक्यं विसरायचा.

इथपर्यंत माझं बरं चाललं होतं.

कंपनीचा मालक संगण्णा. तोच आमचा विनोदी नट, नाटकात गौडाचा नोकर. बुटका, चपळ, आणि मनानं वाईट म्हणाल तर अजिबात नाही. कुणी आजारी पडलं तर स्वतः दवाखान्यात बसून राहणारा माणूस. पण लोक आता रडायला येईनात. त्यांना हसायचं होतं, तेही चावट. मेहरूअक्का आमची जुनी नटी, एके काळी तिच्या सती-सावित्रीला बायका ओटी भरत. आता तिलाही दोन अर्थांची वाक्यं आली. अक्का ती म्हणायची आणि आत येऊन पाण्यानं चूळ भरायची.

एका उन्हाळ्यात पत्र्याच्या थिएटरात दुपारचा खेळ होता. वर पत्रा तापलेला, समोर पंखे बंद. पंचायतीच्या प्रसंगाला मास्तरांचा ओठ घामानं निथळत होता. त्यांनी मिशीवर ताव मारला, "एक केस वाकला तर..." म्हणाले, आणि मी सुटले.

मी पडले हो! भर चावडीवर, मास्तरांच्या पायाशी.

संगण्णानं मला चिमटीत उचललं, मेलेला उंदीर धरावा तसं, आणि म्हणाला, "गौडरे, तुमची अब्रू सांडली की! आता झाडूवाल्याला बोलावू का?" आणि त्यानं मला स्वतःच्या टकलावर शेंडीसारखं ठेवलं.

पत्रे उडतील की काय असं लोक हसले. "वन्स मोअर! वन्स मोअर!" आणि वन्स मोअर आला की तो द्यायचा, हा कंपनीचा धर्म. गाण्याला देत, भाषणाला देत, त्या दिवशी पडण्याला द्यावा लागला. मास्तरांनी मला पुन्हा चिकटवलं, पुन्हा ताव मारला, आणि या वेळी संगण्णानं मला ओढून काढलं. ज्या मुलखात मिशीला हात लावल्यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं, तिथं.

खेळ संपल्यावर संगण्णा आत आला. त्याचेही डोळे हसून ओले होते. म्हणाला, "मास्तर, उद्यापासून गम जरा कमीच लावा."

मास्तरांना वाटलं, चेष्टा करतोय. पण संगण्णा उभाच होता.

"रोज पाडायची?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही पाडू नका. मी पाडतो. तुम्ही फक्त सैल ठेवा." मग तो जवळ बसला. "मास्तर, मला तरी हौस आहे का? बाजूच्या कंपनीचे पत्रे विकले गेले, बघितलंत ना. आपण सगळे एका ताटात जेवतोय."

मास्तरांनी मेहरूअक्काकडं पाहिलं. ती पानाला चुना लावत होती. "माझी तर कधीच पडली, मास्तर," ती म्हणाली. "आवाज झाला नाही एवढंच."

दुसऱ्या दिवशी मास्तर आरशासमोर बसले, गमच्या बाटलीत ब्रश बुडवला, आणि काठावर निथळून घेतला. मधे एक पुसट रेघ ओढली, टोकं कोरडीच ठेवली. माझं काम जगात एकच, चिकटून राहणं. आता पडणं हेच माझं काम झालं. नाटकाचं नाव 'न्यायाचा देव्हारा' होतं ते बदललं. बाहेर बोर्ड लागला, 'मिशी पडली, गौड रडला'. बोर्डावर माझं चित्र माणसाएवढं होतं. इतकी मोठी मी कधीच नव्हते आणि इतकी लहानही.

मास्तर हे घरी बोलले नाहीत. हिरेमुद्दूरला शिकवायला गेले तेव्हाही बोलले नाहीत. "कंपनीत काय नवीन?" विचारलं तर "तेच आपलं, जुनंच," म्हणायचे. आणि ओसरीवर बसून त्याच तोंडानं सांगायचे, गम टोकापर्यंत लावा, मिशी सुटली की गौड सुटला. मी ट्रंकेत पडून ऐकायचे आणि लाजेनं माझे केस आक्रसायचे. ते शिकवत होते ते खोटं नव्हतं. पण बाटलीच्या काठावर ब्रश निथळणारा हातही तोच होता.

मग बनशंकरीची जत्रा आली. जत्रेत सगळ्या कंपन्या रांगेनं उभ्या राहतात, आणि एकाच्या कर्ण्यात दुसऱ्याचं गाणं मिसळतं. दुपारच्या खेळाआधी मास्तर तळ्याकाठच्या बायकांकडून भाकरी, झुणका आणि दही खाऊन आले, आणि रंग लावायला बसतायत तोच बाहेर ओळखीचं भांडण ऐकू आलं. भांडण नव्हतं, दुंडप्पा विचारत होता, "मास्तर आहेत का?"

हिरेमुद्दूरची निम्मी मंडळी ट्रॅक्टर भरून आली होती. दुंडप्पानं धुवट धोतर नेसलं होतं, तरी कानामागं पीठ होतंच. सगळे वाकून मास्तरांच्या पाया पडले.

"आजवर आम्ही केलेलं तुम्ही बघितलंत," दुंडप्पा म्हणाला. "आज तुमचं आम्ही बघणार. आणि आहेर करणार, मास्तर. नको म्हणायचं नाही. शाल आणलीय, चांदीचं कडं आणलंय, माईकवर वाचायला चिठ्ठीसुद्धा दिलीय. पंचायतीच्या सीनला तुम्ही ताव मारलात की आम्ही चढतो."

"त्या सीनला नको," मास्तर घाईनं म्हणाले. "आधीच करा. नाही तर शेवटी करा."

"शेवटी कसं? खरे मास्तर तर तिथंच दिसतात."

"बाहेरचा बोर्ड बघितलास?"

"बघितला की. मोठ्ठी मिशी काढलीय तुमची!" दुंडप्पाची छाती फुगली. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही. पण 'मिशी पडली' म्हणजे नाटकाच्या शेवटी गर्वहरण होत असेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

मंडळी गेल्यावर मास्तर संगण्णाकडं गेले. मी त्यांच्या मुठीत होते, म्हणून सांगू शकते, मूठ ओली होती.

"संगण्णा, आजचा एक खेळ मिशी राहू दे."

"आज? जत्रेत?" संगण्णा खरोखर हळहळला. "मास्तर, हे लोक कशाला आलेत? तुमच्यासाठी थांबवलं असतं हो. पण पब्लिक मला सोडेल का?"

मास्तर परत आरशासमोर बसले. ब्रश बुडवला. आणि या वेळी काठावर निथळलाच नाही. एक हात दिला, वाळू दिला, वरून दुसरा दिला. टोकांपर्यंत, कोपऱ्यांपर्यंत. मला दाबून धरलं तेव्हा डोळे मिटले होते. मेहरूअक्कानं ते पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. मी काय सांगू माझा आनंद! पुष्कळ दिवसांनी मी माझ्या जागी बसले होते.

पंचायतीचा प्रसंग आला. मास्तर मागून सावकाश चालत आले. उजवीकडं पीळ, डावीकडं पीळ. समोर लोक आधीच खिदळत होते, कारण पुढं काय होणार हे जत्रेभर माहीत झालं होतं. "एक केस वाकला तर..." मास्तर म्हणाले, आणि संगण्णानं उडी मारून मला धरलं.

मी हलले नाही.

त्यानं पुन्हा ओढलं. मास्तरांचा वरचा ओठ माझ्याबरोबर उचलला गेला, डोळ्यांत पाणी आलं. "सोडा की, मास्तर," संगण्णा दातांतून म्हणाला. मास्तर पुढचं वाक्य बोलायला लागले. पण खाली आरडाओरडा सुरू झाला होता. "मिशी! मिशी!" शिट्ट्या झाल्या. संगण्णानं घाबरून दोन्ही हातांनी मला ओढायला सुरुवात केली.

तेवढ्यात स्टेज हादरलं. दुंडप्पा वर चढला होता. खांद्यावर आहेराची शाल, आणि डोळे लाल. त्यानं संगण्णाची कॉलर धरून त्याला जमिनीवरून उचललं.

"ए! माझ्या मास्तरांच्या मिशीला हात लावतोस? हात मोडून ठेवीन!"

त्याचा हात थरथरत होता. गालावरून पाणी ओघळत होतं. माझ्यासाठी असं कुणी कधी धावून आलं नव्हतं. ईरप्पा असते तर त्यांनी या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं असतं.

आणि लोक? लोक पोट धरून हसत होते. त्यांना वाटलं, हा नवा भाग बसवलाय.

त्या क्षणी मास्तरांना एकच करायचं होतं. गप्प उभं राहायचं. बस्स. पण संगण्णाचा जीव गुदमरत होता, कंपनीचा मालक होता तो, समोर जत्रा भरलेली होती, आणि मास्तरांनी इतकी वर्षं लोकांचा आवाज ऐकूनच पावलं टाकली होती.

"सोड त्याला, दुंडप्पा," ते म्हणाले. "नाटक आहे. ही पडायचीच असते."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला उपटलं. ओठाचं सालटं माझ्याबरोबर आलं.

दुंडप्पाची पकड सुटली. तो मास्तरांच्या उघड्या ओठाकडं बघत राहिला. खालून गर्जना आली, "वन्स मोअर! त्या जाड्यासकट वन्स मोअर!"

इथून पुढचं सांगताना मला शब्द सापडत नाहीत, पण सांगते. मास्तरांनी मला त्या सोललेल्या ओठावर पुन्हा दाबलं. मग अर्धवट वळून, तालमीत जसे बोलत त्या हळू आवाजात म्हणाले, "दुंडप्पा, खाली जा. यानं मिशीला हात लावला की चढ. तशीच कॉलर धर. वाक्य तेच."

ते असं का म्हणाले, ते त्यांनाही माहीत नसावं. वन्स मोअर आला की द्यायचा, एवढंच त्यांच्या अंगात भिनलेलं. आणि मास्तर म्हणतील ते करायचं, एवढं दुंडप्पाच्या.

दुंडप्पा खाली उतरला. संगण्णानं मला धरलं. दुंडप्पा चढला. कॉलर धरली. "ए! माझ्या मास्तरांच्या मिशीला हात लावतोस? हात मोडून ठेवीन!" एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. हात थरथरला नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं. आवाज बरोबर शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

इतक्या वर्षांत जे शिकवून आलं नव्हतं ते त्याला त्या दुपारी आलं. दुंडप्पाला अभिनय आला.

लोकांनी टोप्या उडवल्या. त्यातच माईकवाल्यानं हातातली चिठ्ठी वाचून टाकली, "हिरेमुद्दूरच्या समस्त मंडळींकडून, आम्हाला ताठ उभं राहायला शिकवणाऱ्या गुरुशांत मास्तरांना शाल आणि चांदीचं कडं!" दुंडप्पानं शाल मास्तरांच्या खांद्यावर घातली, कडं हातात चढवलं. लोक अजून हसतच होते. मास्तरांनी हात जोडले, पण मान वर केली नाही.

खेळ संपल्यावर ते रंग न पुसताच ट्रॅक्टरकडं गेले. ओठ सुजला होता. मी पुन्हा मुठीत. मंडळी मिरची-भजी खात होती आणि त्यातले बरेच जण खुशीत होते. "काय हसवलंत, मास्तर!" म्हणाले. दुंडप्पा मात्र चाकाला टेकून उभा होता.

"मास्तर, दुसऱ्यांदा नीट झालं ना?" त्यानं विचारलं. "पहिल्यांदा हात थरथरत होता माझा."

"पहिल्यांदाचंच खरं होतं, दुंडप्पा."

दुंडप्पाच्या डोक्यात वाक्य टिकत नसे, पण हे टिकलं. मग तो आयुष्यात प्रथमच हळू आवाजात म्हणाला, "मग दुसऱ्यांदा का करायला लावलंत?"

ट्रॅक्टर सुरू झाला, दुंडप्पा वर चढला. कुणीतरी वरून हात हलवला. मास्तर धुरात उभे राहिले, नवी शाल अंगावर, आणि मला वाटलं, यापेक्षा चप्पल बरी होती.

आता माझं काय चाललंय म्हणाल, तर मी ट्रंकेत आहे. संगण्णानं नायलॉनची एक मिशी आणलीय. ती चिकटपट्टीवर बसते आणि फुंकर मारली तरी उतरते. दुंडप्पाचा प्रसंगही कायमचा बसवला. कंपनीचा वायरमन प्रेक्षकांत बसतो, रोज चिडून वर चढतो आणि कॉलर धरतो. मास्तर मिशी पाडून घेतात आणि आत येतात. मेहरूअक्का त्यांच्यापुढं चहा ठेवते, तो निवतो.

मागच्या पौर्णिमेला दुंडप्पा एकटाच आला. मास्तर ठरवायचा तर इकडं विडा देतात. मास्तरानं उचलला की तालीम ठरली. दुंडप्पानं ट्रंकेवर पानं ठेवली, वर सुपारी ठेवली.

"यंदा केव्हा येताय?"

"मला जमायचं नाही," मास्तर भिंतीकडं बघत म्हणाले. "तिकडं इलकलला चांगले मास्तर आहेत. त्यांना विचार."

"दुसरे काय करायचेत? मी विचारलेलं तुमच्याकडं राहिलंय."

"मला उत्तर येत नाही रे."

"मग आल्यावर सांगा. घाई नाही," दुंडप्पा म्हणाला, आणि विडा तिथंच ठेवून पीठ झटकत निघून गेला.

तेव्हापासून तो विडा माझ्या डोक्यावर आहे. मास्तर रोज तो उचलून बाजूला ठेवतात, ट्रंक उघडतात, नायलॉनची मिशी काढतात, माझ्याकडं न बघता झाकण लावतात आणि विडा परत वर ठेवतात. फेकत नाहीत, आणि घेतही नाहीत. लाज वाटते त्यांना. मलाही वाटते. मी पडले तेव्हा वाटली नव्हती इतकी, त्यांनी मला उपटून पुन्हा लावलं तेव्हाची वाटते.

पण मास्तर, एक ऐका. मी केसांची बनलेली, मला शहाणपण कुठलं? तरी सांगते. त्या माणसानं तुमच्याकडं अभिनय मागितलेला नाही, तो तुम्ही त्याला देऊन बसलात. त्याला एका साध्या प्रश्नाचं उत्तर हवंय. येत नसेल तर येत नाही असं त्या ओसरीवर सगळ्यांसमोर सांगा. मान खाली घालून सांगा, ओठ उघडा ठेवून सांगा, मला नेऊसुद्धा नका. पण जा. पानं कडेनं काळी पडायला लागलीत, मास्तर. विडा उचला.